आकडे नाचत होते

९ जानेवारी

आज पोस्टात डेल दिसला. माझा धाकटा दीर, ऑरिनचा पाठचा भाऊ. मला बघितल्याबरोबर टपालपेटीत असं तोंड खुपसलं, की आतच राहायला जाणार! बाहेर उणे बावीस आणि याच्या हातात भोकं पडलेले लोकरीचे हातमोजे. मिलमध्ये थंडीनं त्याच्या बोटांची टोकं काळी पडली होती, म्हणून ऑरिन जायच्या आधीच्या नाताळात मी त्याला बॅटरीचे गरम हातमोजे दिले होते. दोघा भावांना एकेक जोड. आता माझी वस्तूसुद्धा नको झाली वाटतं. असू दे. माझ्याकडूनही त्याला दुसरं काही मिळणार नाही.

१० जानेवारी

एकोणीस मिनिटं! लिहून ठेवते, म्हणजे कुणी मला "झालं गेलं विसर" म्हणालं तर दाखवता येईल.

ऑरिनची स्लेड, ती बर्फावरची मोटारगाडी, उतारावर वर रुतली. डेल खाली झाडांपाशी. वर गेला नाही – उतारावर एका वेळी एकच गडी, असा नियम आहे म्हणे. बरं, तेही मान्य. मग वरचा बर्फ सुटला आणि ऑरिन सव्वा मीटर बर्फाखाली गाडला गेला. छातीवरचं बीकन, गाडलेला माणूस शोधायचं ते यंत्र, शेवटपर्यंत हाका मारत होतं. डेलनं फक्त आपल्या हातातल्या बीकनवरचे आकडे वाचत जायचं – चाळीस मीटर, वीस, दहा, तीन, की खणायला लाग. अंगणातल्या सरावात तो हे चार मिनिटांत करायचा. सगळ्या स्लेड-क्लबात सगळ्यांत चपळ!

त्या दिवशी एकोणीस. आणि कारण काय सांगितलं? "आकडे नाचत होते, मार्ला. देवाशपथ, नुसते नाचत होते."

नाचता येईना अंगण वाकडं!

१७ जानेवारी

क्लबचा अध्यक्ष लॉइड आला होता. टोपी हातात घेऊन, गुळमुळीत. यंदाच्या सुरक्षा दिवसाला ऑरिनचं नाव द्यायचंय. मी पुढच्या रांगेत बसावं.

विचारलं, "डेल अजून शोधपथकात आहे?"

"आहे की. असं बघ मार्ला, चांगला माणूस आहे –"

"चांगला आहे म्हणून उद्या तुझ्या बायकोला शोधायला पाठवशील?"

कॉफी अर्धी टाकून गेला.

१८ जानेवारी

क्लबला पत्र लिहिलं. दीड पान. तीनदा फाडलं, दर वेळी जास्त कडू झालं. शेवटचं पाठवलं.

२५ जानेवारी

मतदान झालं. लॉइडनं माझं पत्र मोठ्यानं वाचलं. "ज्याला सख्खा भाऊ सापडत नाही, त्याच्या भरवशावर तुमची माणसं डोंगरात सोडू नका." माझंच वाक्य, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मान वर करवेना. वीस विरुद्ध सहा. डेल पथकाबाहेर.

तो उठला, पथकाचा वॉकीटॉकी टेबलावर ठेवला आणि वायर नीट गुंडाळून ठेवली. जाताना माझ्याजवळ थांबला. "तुझं काही चुकलं नाही," म्हणाला.

वर हा मोठेपणा! चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं रे.

२६ जानेवारी

बरं वाटत नाहीये. जिंकल्यावर वाटायला हवं होतं ना?

२ फेब्रुवारी

आज रेडिओवर बर्फ सुटण्याचा इशारा – तीन. त्या दिवशीही तीनच होता. ऑरिन बूट चढवत हसला होता, "पाचापैकी तीन, म्हणजे पास!" मीही हसले. डब्यात सॉसेजचे सँडविच भरून दिले.

माणसं मरतात ती तीनच्याच दिवशी. चार आणि पाचला कोण घराबाहेर पडतंय? हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यालाही होतं. मलाही.

ऑरिन, तुझाही रागच येतो मला. पण तू सापडत नाहीस भांडायला. डेल सापडतो.

८ फेब्रुवारी

सुरक्षा दिवस. हॉलमध्ये राजमा घातलेल्या चिलीचं पातेलं, भिंतीवर ऑरिनचा फोटो – तो हिरव्या हेल्मेटचा. मी पुढच्या रांगेत, शोभेच्या कुंडीसारखी.

नंतर सगळे पार्किंगमध्ये. शिकवायला ब्रिन आली होती, गेल्या वर्षीचीच. बर्फात एक बीकन पुरलं आणि मिलमधल्या हार्वला शोधायला लावलं. सरळ गेला, दोन मिनिटांत सापडलं. टाळ्या. मग ब्रिन म्हणाली, "आता तुझ्या त्या गरम जाकिटाचं बटण दाब आणि परत शोध."

हार्व बावचळला. सहा, एकतीस, चार, मग काहीच नाही, मग बावीस. बाण उलटा फिरला. हार्व गोल गोल चालायला लागला आणि सगळे हसत सुटले. कुणीतरी ओरडलं, "हार्व, घरचा रस्ता तरी आठवतोय का?"

"बॅटरीवर चालणारं काहीही," ब्रिन म्हणाली, "फोन, जाकीट, हातमोजे – शोधताना बीकनजवळ नको. आकडे नाचायला लागतात."

नाचायला लागतात. अगदी हाच शब्द.

मी चिली न खाता घरी आले.

९ फेब्रुवारी

सकाळी ऑरिनचं बीकन अंगणात पुरलं. त्याच्या कपड्यांच्या पिशवीतून काढलं. हातात माझं जुनं बीकन. उघड्या हातांनी – पंधरा, नऊ, चार, दोन. सापडलं.

मग खण उघडला. ऑरिनची जोड तशीच होती, चिठ्ठीसकट. त्याचे हात कधी गार पडायचेच नाहीत, घातलीच नाही त्यानं. मी घातली. बटण दाबलं.

पंधरा. अडतीस. सात. काही नाही. एकोणतीस. बाण कुंपणाकडे, मग घराकडे. हातमोजे काढले – पंधरा. घातले – चव्वेचाळीस.

अकरा वेळा केलं. शेजारीण खिडकीतून बघत होती, बघू दे. अंगण खरंच वाकडं होतं. आणि वाकडं मी केलं होतं, नाताळाच्या कागदात गुंडाळून, वर लाल फीत बांधून. "बोटं सांभाळ रे," असं लिहिलं होतं चिठ्ठीवर.

डेलला हे सांगायला हवं. कसं सांगू? आधी ब्रिनला विचारते. कदाचित हातमोज्यांनी इतका फरक पडत नसेल. नसू दे, देवा.

१० फेब्रुवारी

ब्रिनला फोन केला. "पडतो ना, भरपूर पडतो," म्हणाली. "तुमच्या डेलनं गेल्या मार्चमध्ये हेच विचारलं होतं. फोनवर लहान मुलासारखा रडला बिचारा. मी विचारलं, असले हातमोजे तुला दिले कुणी? म्हणाला, कुणी नाही, माझे मीच घेतले."