पाठ झालेली पाटी

ताईस धाकटीचा नमस्कार.

तू भीतीनं गावातच मागे राहिलीस, म्हणून आधी तेच सांगते: डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुखलं नाही.

गंमत म्हणजे तपासणीच्या रांगेत पुढच्यांचं ऐकून अक्षरांची पाटी माझी पाठ झाली. मी ती घडाघडा म्हटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, डोळा ठणठणीत आहे, घरी जा." मग कबूल करावंच लागलं! "वाचता येतं हे दाखवायचं होतं होय?" म्हणत त्या पोट धरून हसल्या.

हे असते तर तेही हसले असते. त्यांच्या वेळी दवाखान्याची गाडी गावात येत नव्हती, उशीर झाला.

तुला सुईत दोरा ओवता येतो का गं, की अजून शेजारणीलाच हाक मारतेस?

मंगळवारच्या गाडीच्या यादीत तुझं नाव मी लिहिलंय. खोडायचं असेल, तर इथवर, दवाखान्यात, यावं लागेल.

वाट बघणारी,
धाकटी