दुधातून दिलेल्या गोळ्यांबद्दल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी रुग्णालयातली निवृत्त परिचारिका, असे लिहून ठेवते की माझी स्मृती व बुद्धी शाबूत आहे आणि हे मला कोणी धाक दाखवून किंवा लाडीगोडी लावून लिहायला लावलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या ज्यांचा डॉक्टरांवर विश्वास नाही त्यांनी माझे अक्षर पाहावे. ओळ अजून सरळ जाते.

१. माझे राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलाला द्यावे. माझ्या पोटच्या मुलीला ते मिळणार नाही. कारण कलम चारमध्ये आहे. ते वाचल्याशिवाय कोणी वकील गाठू नये.

२. यजमानांची सुतारकामाची हत्यारे, म्हणजे दोन रंधे, करवती व पटाशा, जावयाला द्यावीत. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, पण हौस दांडगी आहे. बँकेत जे काही उरेल ते मुलीला.

३. माझे थोरले दीर आमच्या मंडळीचे पाळक आहेत. त्यांना बहिणीची स्टीलची डबी द्यावी. आत काचेची सिरिंज व दोन सुया आहेत. तिने शेवटची धुऊन-पुसून ठेवली तशीच. उपदेश करताना ती त्यांनी समोर ठेवावी अशी माझी इच्छा आहे. ठेवणार नाहीत, हेही ठाऊक आहे. माझ्या दफनाला त्यांनी यावे, पण तोंड उघडू नये.

४. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला आकडी येऊ लागली. पहिली आली ती उपासनेत. बाकावरून खाली पडली. दिरांनी तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आणि यजमानांना बजावले, "विश्वास ठेवायचा तर पुरता ठेव. एक पाय इथे आणि एक दवाखान्यात, असं चालणार नाही."

यजमान लबाड नव्हते. पोरीसाठी रोज गुडघे टेकून रडत. तिला औषध देणार नाही, अशी शपथ त्यांनी माझ्याकडूनही घेतली. मी ती घेतली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली. चमच्याखाली चुरडून, साखर जरा जास्त घालून, दुधातून. तीन वर्षे, एकही दिवस न चुकवता. दूध ढवळताना मीही प्रार्थना करत असे. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू बंद केली. आकडी पुन्हा आली नाही.

दीर दरवर्षी मुलीला मंडळीपुढे उभे करून साक्ष देत, "एकही गोळी न घेता!" मी दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसे. लोकांना तो माझा विनय वाटे.

धाकट्या बहिणीला अकराव्या वर्षापासून मधुमेह होता, रोजचे इन्सुलिन. एका वर्षी ती साक्ष ऐकून तिने मला स्वयंपाकघरात गाठले.

"ताई, खरं सांग. पोरीला तू काहीच दिलं नव्हतंस?"

यजमान दारात चपला काढत होते. मी म्हणाले, "काही नाही."

"नक्की?"

"नक्की गं."

तिने इंजेक्शन सोडले. मला कळवले नाही. बरी झाल्यावर एकदम सांगणार होती म्हणे. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्याने बोलावले तेव्हा तिला धाप लागली होती आणि श्वासाला सडक्या फळांसारखा वास होता. इन्सुलिन तुटल्यावर येणारा तो वास वॉर्डात मी डोळे मिटूनही ओळखला असता. रुग्णालयात पोचेपर्यंत ती गेली. भाचा चार वर्षांचा होता. दीर म्हणाले, "तिचा विश्वास तोकडा पडला." यजमानांनी मान हलवली. मी तेव्हाही गप्प बसले.

घर ही भरपाई नव्हे. त्याच्या आईला मी खोटे सांगितले, एवढे त्याला लेखी मिळावे म्हणून हे कलम.

५. मी देवाला सोडलेले नाही. बायबलातले शुभवर्तमान लिहिणाऱ्यांतला एक वैद्य होता. दिरांनी ते इतकी वर्षे कसे वाचले, देव जाणे. माझ्या शेवटच्या आजारात मला लागेल ते औषध द्यावे, उघडपणे द्यावे, आणि प्रार्थनाही करावी.

६. (हे कलम आठवड्याने जोडले.) हा कागद माझ्यामागे उघडावा असे ठरवले होते. पण माझ्या सहा वर्षांच्या नातीला चार महिन्यांत तीनदा आकडी आली. मुलगी म्हणाली, "आई, मला बरं केलं त्याने, तिलाही करील." माझ्या मरणाची वाट पाहायला त्या पोरीला सवड नाही. म्हणून काल सकाळी मुलीला समोर बसवून कलम चार मोठ्याने वाचले.

ती म्हणाली, "दरवर्षी मला तिथे उभं करायचे. तू बघत होतीस."

"हो."

"मावशी माझ्याकडे बघून गेली."

"माझ्यामुळे गेली. तू लहान होतीस."

"मला हे तू आत्ता सांगतेस?"

गोळीचे नाव आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून पुढे केला. तिने कागद घेतला, माझ्याकडे पाहिले नाही. 'येते' न म्हणता गेली.

आज साक्षीदार म्हणून सही करायला आलेली सिस्टर बाह्यरुग्ण विभागातच बसते. ती म्हणाली, सकाळी मुलगी नातीला घेऊन आली होती. घरात पूर्वी कोणाला हा आजार होता का, या रकान्यात तिने स्वतः लिहिले: "हो, मला. औषधाने बरा झाला." पुढे जवळच्या नातेवाइकांचा रकाना होता. त्यात तिने फक्त नवऱ्याचे नाव घातले. 'आई' असे लिहायला घेतले होते, ते खोडले.

यात माझी तक्रार नाही. मृत्युपत्रात बदल नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: एकवीस नोव्हेंबर
सही: (लिहून ठेवणारी)

आम्हा दोघांच्या देखत तिने वाचून सही केली:
साक्षीदार १: बाह्यरुग्ण विभागातली सिस्टर
साक्षीदार २: शेजारचे निवृत्त औषधविक्रेते