फुलसावंगी इलेव्हनचं घड्याळी पासिंग

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. सायंकाळ.

सकाळी घड्याळाला चावी दिली. रोज देतो. कधी खाडा नाही.

आज महागाववाल्यांशी फ्रेंडली मॅच. तीन-शून्य हरलो. कारण एकच, पासिंग. सेकंड हाफमध्ये मी बोटांवर मोजलं. आपल्या पोट्ट्यांनी पंचवीस पास दिले. आपल्या माणसाला सहा पोचले, समोरच्याला चौदा, रेषेबाहेर चार आणि म्हशीला एक. म्हैस ग्राउंडात कशी आली हा वेगळा प्रश्न आहे.

कॅप्टन जफरला बॉल सापडला की तो बॉल सोडतच नाही. मोटार मेकॅनिक आहे, हातात आलेली वस्तू पूर्ण खोलल्याशिवाय परत द्यायची नाही ही सवय. लेफ्ट आऊटला तांड्यावरचा उत्तमसिंग, हरणासारखा पळतो, पण बॉल घेऊन पळतो की बॉलशिवाय, हे त्याला स्वतःला गोल झाल्यावर कळतं.

फुटबॉल मी कधी खेळलो नाही. म्हणूनच मला तो स्वच्छ दिसतो.

१३ नोव्हेंबर. दुकानात.

चावी दिली. गिऱ्हाईक नाही.

विचार केला. जफर जानेवारीअखेर अकोल्याला मोटार वर्कशॉपात नोकरीला जाणार. नऊ वर्षं कॅप्टन, आणि पुसदच्या टूर्नामेंटची ढाल एकदाही फुलसावंगीत आली नाही. त्याच्या घरी भिंतीवर खिळा मारून ठेवला आहे, नऊ वर्षांपासून. सध्या त्याच्यावर छत्री असते.

तो खिळा मी भरणार. निश्चय.

मी चौथी नापास. घड्याळाचं काम कोणाकडे शिकलो नाही. लग्नात सासऱ्याने दिलेलं खिशातलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी उघडलं. परत बसवलं तेव्हा दोन स्क्रू उरले. घड्याळ आजवर चालून राह्यलं. म्हणजे ते स्क्रू फालतू होते. कंपनीच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मराठीही अशीच पेपरवरून शिकलो. फुटबॉल त्यापेक्षा अवघड नसावा.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार.

नमाजनंतर घरी येता येता सुचलं. उभाच राहिलो. मागचा माणूस आदळला.

ग्राउंड म्हणजे डायल! समोरचा गोल बारा वाजता. आपला गोल सहा वाजता. उजवी बाजू तीन, डावी नऊ. मी रेषेवरून नुसतं ‘तीन!’ म्हणायचं, ज्याच्यापाशी बॉल आहे त्याने तीनकडे मारायचा. विचार करायची गरज नाही. पोट्ट्यांना जे जमत नाही तेच काढून टाकलं.

बायकोला, सईदाला, सांगितलं. ती म्हणे, पोट्ट्यायपाशी घड्याळं कुठं आहेत? जी होती ती तुमच्या दुकानात पडून आहेत.

बाईमाणसाला टेक्निकल गोष्ट कळत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार.

पहिली प्रॅक्टिस. घराच्या दरवाज्यावर खडूने डायल काढून दरवाजाच ग्राउंडवर नेला. (सईदा दिवसभर पडदा धरून बसली म्हणे.)

थोडा गोंधळ झाला. मी ‘तीन’ म्हटलं की सगळे डावीकडे. पाच वेळा ओरडलो. शेवटी गोलकीपर पूनमसिंग दरवाज्यापाशी येऊन म्हणे, चाचा, तीन तुम्हीच डाव्या बाजूला लिहून राह्यले.

खरं होतं. मी घड्याळ जन्मभर मागून उघडून पाहतो. मागून पाहिलं तर तीन डावीकडेच येतात. लोक समोरून पाहतात म्हणून त्यांना उलटं वाटतं. घड्याळाची खरी बाजू मागचीच. तरी पोट्ट्यांसाठी बदलून दिलं.

उत्तमसिंग म्हणे, चाचा, मी पळू का घड्याळ पाहू? त्याला सांगितलं, दोन्ही. माझ्या हाताखाली राहायचं तर दोन्ही.

२६ नोव्हेंबर.

दाढ दुखते. प्रॅक्टिसला गेलो नाही. संध्याकाळी जफर दुकानावरून जाताना म्हणे, आज लई मस्त खेळले पोट्टे, एकमेकाकडे पाहून पाहून पास दिले.

शिकवलेलं मुरायला एक आठवडा लागतो. नोंद करून ठेवतो.

३ डिसेंबर, रविवार.

दाढ बरी. प्रॅक्टिसला गेलो. पासिंग पुन्हा बिघडलं. बहुधा गेल्या आठवड्यात मी नव्हतो त्याचा परिणाम.

पेंटरला दुकानाची पाटी नवी करायला सांगितली. पहिली ओळ: बशीर वॉच रिपेरर. दुसऱ्या ओळीची जागा सोड म्हटलं. ‘व फुटबॉल मार्गदर्शक’ हे ढाल आल्यावर लिहू. घाई बरी नाही.

२० डिसेंबर.

सगळा बाजार गोव्याचं बोलून राह्यला. गोवा सुटला ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपला लेफ्ट आऊट मोकळा असतो तेव्हा त्याला बॉल का भेटत नाही, हे कोणी बोलत नाही.

२४ डिसेंबर, रविवार. पुसदहून येताना, एस.टी.त.

पहिली फेरी. महागावशीच गाठ. पुसदच्या ग्राउंडवर एका गोलामागे पाण्याची टाकी. सर्वांना बजावलं: टाकी म्हणजे बारा. विसरायचं नाही. विसराल तर माझ्याशी गाठ.

हाफटाइमला दोन-शून्य. आपले दोन! लोक माझ्याकडे पाहून राह्यले होते. माझा आवाज बसला होता, पण चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही.

सेकंड हाफ. मी ‘बारा! बारा!’ ओरडलो. आपल्या फुलबॅक भावसिंगने डोळे मिटून टाकीकडे हाणला. गोल झाला. आपल्यावर.

हाफटाइमला बाजू बदलतात. टाकीखाली आता आपला पूनमसिंग उभा होता. तो म्हणे, भावसिंग, मी कायले उभा आहो इथं, झाडू मारायले? भावसिंग म्हणे, चाचानं सांगितलं. मग आणखी एक गोल खाल्ला. शेवटी जफरने एकट्याने नेऊन तिसरा घातला. तीन-दोन जिंकलो.

चूक कोणाची हे शांतपणे तपासलं. घड्याळात हाफटाइम नसतो. हा फुटबॉलचा दोष आहे.

२५ डिसेंबर.

जफर दुकानात आला. स्टुलावर बसला, बराच वेळ भिंतीवरची घड्याळं पाहत राह्यला. मग म्हणे, चाचा, तुम्ही ओरडून राह्यले की पोट्टे बॉलकडे पाहत नाहीत, तुमच्याकडे पाहतात. मी म्हटलं, बरोबर आहे, लक्ष पाहिजेच. तो म्हणे, पहिल्या हाफात वारा उलटा होता, तुमचं काही ऐकूच आलं नाही, म्हणून दोन गोल झाले.

आभार मानायला आलेला माणूस किती आडून आडून बोलतो!

७ जानेवारी १९६२, रविवार.

चावी दिली. सेमीफायनल. उमरखेडला साडूच्या मुलीचं लग्न, त्यामुळे मी नाही. चार-शून्य जिंकले. चारही गोल पासवर!

मुरलं.

१० जानेवारी.

मोठी बातमी. फायनल एकवीस तारखेला, दिग्रसशी. आणि टाइमकीपर मी!

रेफरी पुसदचे एक मास्तर. त्यांच्यापाशी घड्याळ नाही, कारण ते दसऱ्यापासून माझ्या दुकानात आहे. (बॅलन्सच्या चाकाचं काम. नाजूक. घाई बरी नाही.) म्हणून कमिटीला टाइमकीपर पाहिजे होता. जफरने स्वतः माझं नाव सुचवलं. दिग्रसवालेही लगेच हो म्हणे. एवढी कीर्ती दिग्रसपर्यंत आहे हे मला माहीत नव्हतं.

नियम असा की टाइमकीपर निष्पक्ष पाहिजे, त्याने टेबलाशी बसायचं, घड्याळाकडे पाहायचं, घंटी वाजवायची आणि एक शब्द बोलायचा नाही. जफरने हा नियम मला तीनदा समजावून सांगितला. फार जबाबदार पोरगा.

सईदा म्हणे, जफरले सांगा, घरी बी हे काम देऊन टाक ह्यायले.

१५ जानेवारी.

मास्तर घड्याळ मागायला आले. काम बाकी म्हटलं. फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार असं बाजारात चालू आहे, तेव्हा मास्तरांना विचारलं, मग घड्याळाची एवढी घाई कायले? ते म्हणे, बुडताना किती वाजले ते पाहावं म्हणतो.

लोक मास्तरकीत राहून फार टोचून बोलायला शिकतात.

२० जानेवारी, शनिवार. झोपण्याआधी.

सासऱ्याचं घड्याळ पूर्ण उघडलं. साफ केलं. तेल दिलं. या वेळी एकही स्क्रू उरला नाही. (उलट एक कमी पडला. टेबलाखाली सापडला.) उद्या हे घड्याळ अख्ख्या पुसदसमोर चालेल.

२१ जानेवारी, रविवार. पहाट.

झोप नाही. उठल्याबरोबर आंघोळ, धुतलेली शेरवानी, टोपी. आरशासमोर गप्प बसण्याचा सराव केला. सईदा दारात उभी राहून पाहत होती. म्हणे, असे रोज बसत जा. बूट पुसले, घंटी घासली, घड्याळ खिशात घातलं. पहिली एस.टी. गाठायची आहे. काही राहिलं नाही ना, ते दोनदा पाहिलं. काही राहिलं नाही.

त्याच दिवशी. घरी आल्यावर.

नीट लिहितो.

पहिला हाफ शून्य-शून्य. मी एक शब्द बोललो नाही. घंटी वेळेवर वाजवली.

सेकंड हाफ पाचला पाच कमी असताना सुरू. अर्धा तास. म्हणजे पाच पंचविसाला संपणार, सोपा हिशेब.

मग ते झालं. पूनमसिंगने बॉल हाताने भावसिंगला दिला. भावसिंगने मान वर करून पाहिलं, मध्ये दिला. तिथून डावीकडे, परत मध्ये, परत मागे. मागे! मी कधीच मागे सांगितलं नसतं. जफरपाशी आला. आता हा धरून बसणार असं मला वाटलं, तर त्याने न थांबवताच पुढे सोडला आणि तिथे उत्तमसिंग आधीच पोचलेला. नऊ पास. कोणी ओरडलं नाही. आवाज फक्त पायांचा. गोल.

मी खुर्चीवर उभा होतो. दिग्रसचा एक माणूस म्हणे, ओ टाइमकीपर, खाली बसा.

बसलो. घड्याळ पाहिलं. पाच दहा.

त्यानंतर पासिंग असं चाललं की मी पाहतच राह्यलो. बऱ्याच वेळाने घड्याळ पाहिलं. पाच दहा.

कानाशी धरलं. काही नाही.

तेवढ्यात मास्तर पळत टेबलाशी आले. म्हणे, बशीरभाई, किती बाकी? दोन्हीकडचे लोक माझ्याकडे पाहून राह्यले होते. हे घड्याळ बंद आहे असं मी, बशीर वॉच रिपेरर, दोन तालुक्यांच्या लोकांसमोर सांगू? मी म्हटलं, पाच मिनिटं वीस सेकंद. वीस सेकंद म्हटल्यावर माणूस पुढे विचारत नाही.

मास्तर गेले. मी मनात आकडे म्हणू लागलो. दीडशेच्या पुढे उत्तमसिंगकडे बॉल आला, मी कुठे होतो ते विसरलो. पुन्हा शंभरपासून धरले. दोनशे ऐंशीला दिग्रसने गोल केला.

मी लगेच घंटी वाजवली. फार जोरात वाजवली.

एक-एक. दोघंही विजेते. ढाल सहा-सहा महिने. पहिले सहा महिने कोणाला यासाठी नाणं उडवलं. दिग्रसला. आपल्याकडे जुलैत.

परत येताना, एस.टी.त. राखीव खेळाडू हाफिज, जो सगळ्यांचे कपडे आणि जफरचं मनगटी घड्याळ सांभाळत रेषेवर उभा असतो, तो जफरच्या कानात काहीतरी म्हणे. जफर म्हणे, चूप बस.

घरी आल्यावर घड्याळ टेबलावर ठेवलं. पाहतो तर चावी दिलेली नव्हती. एवढंच. घड्याळात काही दोष नाही.

२३ जानेवारी.

पेंटर आला. दुसऱ्या ओळीत काय लिहू म्हणे. तूर्त राहू दे म्हटलं.

मास्तरांचं घड्याळ पूर्ण करून, पॉलिश करून पुसदला पाठवून दिलं.

२९ जानेवारी, सोमवार.

दोनदा चावी दिली.

जफर उद्या अकोल्याला जाणार. आज दुकानात आला. स्टुलावर बसला. मी म्हटलं, पासिंग सुधारलं की नाही शेवटी? तो म्हणे, सुधारलं चाचा. तुम्ही गप्प बसल्याचे लई उपकार झाले. आणि हसला. मग मनगटातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणे, हे जरा पाहा. पुढं पळून राह्यलं. फायनलच्या दिवशी दिग्रसनं गोल केला तेव्हा यात साडेपाच होऊन गेलते. आता तुमच्या घड्याळात वेळ बाकी होती म्हणजे माझंच बिघडलं असंल, नाही का?

मी म्हटलं, असू शकतं.

तो म्हणे, घाई नाही. जग राह्यलं तर जुलैत येतो ढाल घ्यायले, तवा घेऊन जाईन. खिळ्यावरची छत्री काढून ठेवली आहे मी.

दारापर्यंत जाऊन परत आला आणि माझ्या पाया पडला. असं तो कधी करत नाही.

रात्री घड्याळ उघडलं. बॅलन्स पाहिला, स्प्रिंग पाहिली, प्रत्येक दात भिंगाखाली पाहिला. मशिदीजवळच्या रेडिओच्या टोल्यांशी लावून पाहिलं. मागून पाहिलं, समोरून पाहिलं.

एक सेकंदाचाही फरक नाही.

जुलैपर्यंत काहीतरी दोष काढावा लागेल.