मारुतीच्या पारासमोरचं गाणं

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची भांडणं माझ्याच गळ्यात. परवा मुलाचं लग्न आहे, रनाळ्याला. वऱ्हाड गावात पोचलं की नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो आणि बँड पारासमोर थांबून भजन वाजवतो, एवढं साऱ्या खानदेशाला कळतं. तुम्ही बँडमास्तर असून तुम्हालाच कळत नव्हतं. तुम्ही तिथे वाजवायचात ते कॅसेटवरचं परदेशी गाणं. त्यातली व्हायोलिनं क्लॅरिनेटवर बसवलेली, ट्रम्पेट स्वतःकडे. मी शाळकरी, तुमच्यामागे उभी. वऱ्हाडी देवासमोर कंबर हलवताहेत आणि नवरदेवाचा मामा ओरडतोय, "मास्तर, हाई काय वाजाडी ऱ्हायनात? समोर मारुती शे!" तुम्ही ट्रम्पेट खाली घेता. "हाई देवनंच गानं शे. पोरी, सांग ह्यासले, गानामा काय शे." शब्दकोशातून जुळवलेलं मी घाबरत सांगते: सूर्य, तारे आणि आपण एकाच उजेडाचे, प्रेम केलं की तो उजेड आत दिसतो. मामा म्हणतो, "यामा देवनं नाव कोठे शे?" सगळे हसतात. तुम्ही पुन्हा ट्रम्पेट तोंडाला लावता आणि मी तिथेच उभी राहते, लाल होऊन.

आता तुमच्या नातवाला तेच गाणं हवंय, तेही पारासमोरच. तुमचा क्लॅरिनेटवाला आता मास्तर झालाय, तो एका पायावर तयार. काल नवरीचे काका आले. चहा बशीत ओतत नरमाईनं म्हणाले, "ताई, रस्तामा काय बी वाजाडा. पारजोडे भजन ऱ्हाऊ द्या. मन्ही माय नाराज व्हई." हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मी मोबाइलवर गाणं लावलं आणि तुमचंच पुराण सांगत बसले, की बेस गिटार म्हणजे जमीन, ट्रम्पेट म्हणजे ऊन. बिचाऱ्यांचा चहा गार झाला. "आते तुम्हीच ठरावा," म्हणून ते उठले. म्हणजे सून घरात येण्याआधीच तिच्या आजीला दुखवायचं, तेही तुमच्यापायी!

सकाळी मास्तरांना फोन करून सांगितलं, पारासमोर भजनच. मुलगा माझ्याशी बोलत नाहीये. तुम्हीही बोलला नसतात.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. गाण्यात देव आहे की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण काल व्हायोलिनं वर चढली तेव्हा क्षणभर वाटलं, वर कोणीतरी ऐकतंय. मग ट्रम्पेट आले, आणि काकांशी गंभीरपणे बोलता बोलता साडीच्या निऱ्यांखाली माझा पाय ठेका धरत होता.