दाढेचं काम

अंगणवाडी, ता. कोरपना
८ नोव्हेंबर २०२४

ती. मंजुषाताईंना,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे खुशाल आहेत. फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या त्या एटापल्लीपलीकडच्या उपकेंद्रात रेंज येते आठवड्यातून एकदा, तीही मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर. आणि इथं तुमचा फोन आला की आई स्पीकर लावतात नि शेजारच्या बुधरीकाकूंनाही हाक मारतात. मला जे विचारायचं आहे ते बुधरीकाकूंसमोर विचारण्यासारखं नाही. तुम्ही नर्स आहात आणि माझ्या नणंदही. आधी नर्स होऊन वाचा, मग नणंद होऊन काय चिडवायचं ते चिडवा.

लग्नाला सहा वर्षं झाली हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीआधी आम्ही दोघं चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळ्या तपासण्या झाल्या. माझ्या नळ्या मोकळ्या आहेत, रक्तही ठीक आहे. ह्यांच्या रिपोर्टात संख्या बरी, पण चाल मंद निघाली. परतताना राजुऱ्याला चहा घेताना तुमचे भाऊ एवढंच म्हणाले, "आईले नको सांगू." मी शब्द दिला. बाई म्हणाल्या, आय.यू.आय. करून पाहू, सोपं असतं. त्यांना सोपं असेल. मला तर नावच नीट घेता येत नाही.

आता महिनाभर चंद्रपूरला चकरा माराव्या लागणार, तर आईंना काय सांगायचं? तुमच्या बंधूंनी मला न विचारताच सांगून टाकलं की रंजीताची दाढ किडली. तेव्हापासून आई मला दिवसातून तीनदा लवंग चघळायला लावतात. अंगणवाडीत पोरांना शेंगदाण्याचे लाडू वाटते, पण आपल्या तोंडात टाकायची चोरी. कोणी जाऊन सांगेल की किडकी दाढ लाडू फोडते आहे.

ताई, हसू येतं आणि भीतीही वाटते. दिवसभर मी दुसऱ्यांची लेकरं वजनकाट्यावर ठेवते, गरोदर बायांची नावं रजिस्टरात लिहिते. आपलं नाव त्यात कधी लिहायला मिळेल का, असं मनात येतं. दुखतं का? किती वेळ लागतो? आणि झालं नाही तर आईंना समजेल का? खरं सांगा. उत्तर अंगणवाडीच्याच पत्त्यावर पाठवा.

लोभ आहेच, त्यात थोडी गुपितंही मावू द्या.

आपली,
रंजीता


उपकेंद्र, ता. एटापल्ली
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रंजीता हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. लवंगेचं वाचून इतकी हसले की औषध घ्यायला आलेल्या झाडूबाबांना वाटलं सिस्टरवर काहीतरी करणी झाली. आता नर्स बोलते आहे, नीट ऐक.

पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलावतील. सोनोग्राफी करतील आणि पाच दिवसांच्या गोळ्या देतील, बीजं नीट वाढावीत म्हणून. मग नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड बीज मोजतील. मिलिमीटरमध्ये सांगतात. अठरा-वीस झालं की बीज फुटण्याची सुई देतात आणि त्यानंतर दीड दिवसाच्या आसपास मुख्य काम करतात. त्या दिवशी अजयला आपला नमुना तिथंच द्यावा लागेल. त्याआधी दोन-तीन दिवस तुम्ही दोघांनी शहाण्यासारखं वागायचं आहे, याहून जास्त मी मोठी बहीण असून लिहिणार नाही. लॅबमध्ये तो नमुना धुतात, चांगले चालणारे निवडतात, त्याला तासभर लागतो. मग बारीक मऊ नळीनं आत सोडतात. पाच मिनिटांचं काम असतं. पाळीत दुखतं तसं थोडं ओटीपोटात ओढल्यासारखं होईल, एखादा रक्ताचा डाग दिसेल. पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि घरी यायचं. भूल नाही, टाके नाहीत. खाटेवर आठवडाभर पडायची गरज नाही.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. पहिल्याच वेळी राहतं असं नाही. शंभर जणींत दहा-पंधरा जणींना राहतं, फार तर वीस. बाकीच्या पुन्हा जातात. चौदा दिवस थांबल्याशिवाय तपासणीची पट्टी विकत घेऊ नकोस, नाहीतर रोज सकाळी त्या पट्टीकडे बघत बसशील. हा आकडा लक्षात ठेव, म्हणजे झालं नाही तर आपल्यात खोट आहे असं वाटणार नाही.

आता नणंद बोलते आहे. अजय लहानपणी सुईला घाबरून कडब्याच्या ढिगात लपला होता, आईनं पाय धरून ओढून काढला. नमुना द्यायच्या दिवशी तो कुठं लपतो तेवढं मला सविस्तर कळव. आईची काळजी करू नकोस असं लिहावंसं वाटतं, पण आईचं मी कधीच सांगू शकत नाही.

मायेत कमी पडणार नाही, पत्र लिहायला तूही कमी पडू नकोस.

तुझी,
मंजुषाताई


अंगणवाडी, ता. कोरपना
५ डिसेंबर २०२४

ती. मंजुषाताईंना,
सा. न. वि. वि.

काल झालं. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच झालं, फक्त तुमचे भाऊ सोडून.

बीज आधी बारा होतं, मग चौदा, सोमवारी अठरा झालं. परतताना कोरपन्यात संध्याकाळी सहाला सुई घेतली आणि काल सकाळी दहाला दवाखान्यात हजर. सिस्टरनं ह्यांच्या हातात डबी दिली आणि कोपऱ्यातली खोली दाखवली. हे गेले आणि पाच मिनिटांत परत आले. मला वाटलं झालं. तर म्हणाले, दाराची कडी नीट लागत नाही. मग सिस्टर स्वतः बाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. आणखी दहा मिनिटांनी आतून आवाज आला की बाहेर कोण आहे. सिस्टर म्हणाल्या, मीच. आत पुन्हा शांतता. शेवटी मी त्यांना हात जोडून म्हटलं की बाई, तुम्ही चहा घेऊन या. तेव्हा कुठं काम झालं. बाहेर आले तर कपाळाला घाम, जणू क्विंटलभर कापूस वेचून आले. कडबा नव्हता म्हणून लपले नाहीत, एवढंच.

माझ्या वेळी मी डोळे मिटून घेतले. जरा ओढल्यासारखं झालं आणि संपलं. पडून असताना हे शेजारी स्टुलावर बसले, माझं बोट धरलं आणि म्हणाले, "माह्यामुळे तुले हे करावं लागून राह्यलं." मी म्हटलं, दाढ माझी आहे, तुम्ही गप बसा. दोघंही हसलो आणि मग मला रडू आलं, कशाचं ते मलाही समजलं नाही.

आईंचं मात्र नवल वाटतं. दाढेच्या पेशंटला इतकं कोण जपतं? मागच्या आठवड्यापासून रोज लापशी, वर तुपाची धार. आज मी वेचलेल्या कापसाचं गाठोडं उचलायला गेले तर माझ्या हातून ओढून घेतलं. म्हणाल्या, दाढेले ताण पडते. मोटारसायकलवर तिरपं बसू नको, दाढेले गचके बसते. हापशीवर जाऊ नको, हापसताना दात आवळले जाते. ताई, तुमच्या आईंचं दातांचं ज्ञान एवढं कधीपासून?

तारखांचा गोंधळ नको म्हणून मी आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बारा, चौदा, अठरा असे आकडे टिपून ठेवले आहेत, आणि कालच्या चौकोनात एक बारीक टिंब. आपल्या घरात दुधाचं, खताचं, गाईंचं, सगळं तिथंच लिहितात. आकड्यांवरून कोणाला काय समजणार?

आता अठरा तारखेपर्यंत थांबायचं. पट्टी घेतलेली नाही, देवाशपथ. आकडा लक्षात आहे, पण मन आकडा ऐकत नाही.

थांबायला बळ द्या, बाकी तुमच्याकडे मागण्यासारखं आज काही नाही.

आपली,
रंजीता


१२ डिसेंबर २०२४

चि. मंजुषा हिस,
सुगंधाबाईचा आशीर्वाद.

पोस्टमनच्या हातीच पत्र देऊन राह्यली. मी चौथी शिकली, तू नर्स. चुकलं तं सुधरून वाच.

तुह्या भावजयीची दाढ किडली हाय. असं मले सांगितलं हाय. मी तोंड उघडून पाह्यली नाई, पाहाची गरजबी नाई. ऐक काऊन थे.

आपल्या घरी कॅलेंडरवर गाईचा माज लिहाचं काम माह्यं हाय, तुले माहीत हाय. गाय माजावर आली का निळ्या पेन्सिलीनं गोल, जनावराच्या दवाखान्यातला बिरजू बिजाची थंडी टाकी घेऊन येऊन गाय भरून गेला का टिंब. मंग एकवीस दिवसांनी पुन्हा गोल. त्या दिवशी गाय ओरडली नाई तं समजाचं का राह्यली. तीस वर्ष झाले, माह्या हिशेबात एक दिवस चुकला नाई.

आता कॅलेंडरवर बारा, चौदा, अठरा दिसलं, तवाच मले शंका आली. मंग टिंब. मी म्हटलं हे कोणाचं? मोरी गाभण हाय, चांदी आत्ताच व्यायली. गोठ्यात तिसरी गाय नाई. मंग पाह्यलं तं ज्या दिवशी टिंब त्याच दिवशी दोघं चंद्रपूरले गेले होते दाढेले. मी चुलीपाशी बसून एकटीच हासली. ज्या बाईनं तीस वर्ष गाई भरवल्या तिच्यापासून हे लपवून राह्यले, आन् तेही तिच्याच कॅलेंडरवर.

पण मंजुषा, मी काई बोलली नाई, तूबी बोलू नको. तू पोटात नव्हती तवा चार वर्ष माही सासू रोज सकाळी माह्याकडे पाहे. तोंडानं काई म्हणे नाई, नुसती पाहे. मले तिच्या पाहण्यानं भाकर गिळे नाई. मी तवाच ठरवलं का माह्या सुनेकडे मी असं पाहणार नाई. तिले दाढ म्हणाचं हाय तं दाढ. लापशी दाढेलेबी चालते.

मी एकवीस दिवस मोजून पंचवीस तारखेले गोल केला हाय. बाईमाणसाचं गाईसारखंच राहते का कमीजास्त, तेवढं पत्रानं कळव. फोन करू नको, बुधरी आयकते.

जिवाले जप, जंगलात एकटी फिरू नको.

तुही आई,
सुगंधाबाई


अंगणवाडी, ता. कोरपना
२१ डिसेंबर २०२४

ती. मंजुषाताईंना,
सा. न. वि. वि.

राहिलं नाही, ताई. अठरा तारखेला पहाटेच पाळी आली, पट्टी घ्यायची वेळही आली नाही. तुमचे शंभरातले पंचाऐंशी मला पाठ होते, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

सकाळी स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कॅलेंडरवरचे माझे आकडे खोडावे म्हणून खोडरबर घेतला. मागच्या पानावरचे बारा, चौदा खोडले, पान उलटून अठरा खोडला. मग खाली पंचवीस तारखेला एक निळा गोल दिसला. मी केलेला नव्हता. टिंबापासून मोजले तर बरोबर एकवीस दिवस. निळी पेन्सिल घरात एकाच माणसाकडे असते. मी तिथंच खाली बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडले. ह्यांना दिलेला शब्द मीच भिंतीवर टांगून ठेवला होता की.

आई दुधाची चरवी घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं, खोडरबराकडे पाहिलं आणि शेजारी मांडी घालून बसल्या. एवढंच म्हणाल्या, "मोरी तिसऱ्या खेपेले राह्यली होती. दोन खेपा खाली गेल्या, म्हणून तिले कोणी बोल लावला का?"

हे दारात उभे होते. किती वेळापासून, देव जाणे. मान खाली घालून म्हणाले की आई, खोट माझ्या रिपोर्टात आहे, तिची काहीच नाही. ताई, ज्या गोष्टीसाठी मी दीड महिना लवंगा चघळल्या ती त्यांनी एका वाक्यात सांगून टाकली. आईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की मग तूही उद्यापासून लापशी खा. मला रडता रडता हसू फुटलं. मग हेही हसले, पण डोळे पुसतच.

पुढच्या खेपेचं ठरलं आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या घाई नाही, पण मन तयार असेल तर याच महिन्यात पुन्हा सुरू करू. काल गोळ्या घेऊन आलो. चौदा दिवसांचं आणि एकवीस दिवसांचं आईंना समजावलं. त्यांचं म्हणणं, चौदाचा हिशेब डॉक्टरांचा, तोही लिहू. आता कॅलेंडरवर दोन्ही गोल होणार आहेत.

आज सकाळी बुधरीकाकू कुंपणापाशी आल्या. काल पुन्हा चंद्रपूर कशाला, एवढे दिवस कोणती दाढ दुखते, असं विचारू लागल्या. मी काही बोलायच्या आत आईच पुढे झाल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सुनेची दाढ हाय, बुधरी. अक्कलदाढ. एका खेपेत थोडीच येते?"

बुधरीकाकू गेल्यावर आईंनी माझ्या हातावर एक लवंग ठेवली आणि आत निघून गेल्या.

तुमची माया आहे म्हणून लिहायला सुचतं, ती अशीच पोस्टानं येत राहो.

आपली,
रंजीता