पुस्तक पोचलं, टाकी सरळ झाली

बाळ कर्टिस,

मावशीचा आशीर्वाद घे आणि जरा बसून वाच, मीही बसूनच लिहितेय. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे जे उरलेत ते. माझं कमरेचं हाड थंडीत कुरकुरतं, पण आता घरात कुरकुरणारं ते एकटंच राहिलंय, तेव्हा ऐकून घेते. तुझ्या आईची साखर कशी आहे? तिला सांग, फिनिक्सच्या उन्हात बसून खाल्लं म्हणून गोड काही कडू होत नाही. बायको-मुलं मजेत दिसतात. फोटो मिळाला. नाताळचा फोटो अर्ध्या चड्डीवर काढलेला बघून मार्व्हलने नुसतं डोकं हलवलं. (मार्व्हल तुओमिनेन, आपल्या वाचनालयातली. तू लहानपणी तिच्याकडची पुस्तकं नेऊन परत करायचा नाहीस. तिच्या लक्षात आहे.)

तर तुझं पुस्तकही मिळालं. इंटरनेटवर कोणी शोधलं की आपल्या दुकानाचं नाव सगळ्यांच्या वर कसं यावं, एवढ्या एका गोष्टीवर माणूस इतकं जाड पुस्तक लिहू शकतो हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी पैज लावून हरले असते. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की मावशी, वाच, करून बघ, आणि उपयोगी वाटलं तर इंटरनेटवर पुस्तकाच्या पानावर जाऊन पाच तारे दे. बरं. मी आठवीत शाळा सोडून बापाच्या होडीवर गेलेली बाई, तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. उपयोग विचारशील तर मोठा झाला. दुकानातली आमिषाच्या छोट्या माशांची टाकी तळ्याच्या अंगाला कलली होती. (तुझे आयनरकाका होते तेव्हाही कललीच होती, पण आयनर म्हणायचा टाकी सरळ आहे, जमीन कललीय.) तिच्या पायाखाली तुझं पुस्तक अगदी बेताने बसलं. टाकी सरळ झाली. कागद चांगला वापरलास, ओल धरत नाही.

आता वाचायची हौस मला कुठून आली, ते ऐक. पानगळीच्या दिवसांत चर्चचं जेवण होतं. तळ्यापलीकडच्या रिसॉर्टचा मालक वेंडेल स्ट्राउड माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भट्टीतली बटाट्याची हॉटडिश वाढायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की याच्या पोटात काहीतरी आहे. मग सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणतो, आर्डिस, या वयात गांडुळं उपसत कशाला बसायचं, दुकान मला देऊन टाक, मी तिथे छानसं कॉफीचं दुकान काढतो, बाहेर खुर्च्या टाकतो. आयनरच्या बापाने बांधलेल्या दुकानाबाहेर खुर्च्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, या हिवाळ्यात गिऱ्हाईक आलं नाही तर ज्या दिवशी बर्फ वितळेल त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात ठेवीन. झालं. बोलून बसले. आणि तुला ठाऊक आहे, आपल्या लुथरन लोकांत लग्न मोडतं, पण जेवणावर दिलेला शब्द मोडत नाही. घरी आले तर दारात तुझं पुस्तक. मला वाटलं देवानेच पाठवलं. आता वाटतं, टपालवाल्याने.

अरे, दर दोन पानांनी तू लिहितोस, 'हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.' माझी परिस्थिती मला माहीत होती रे, तुला विचारत होते ते दुसरं. पुढे म्हणतोस, त्या शोधणाऱ्या यंत्राचे नियम सारखे बदलतात, आज लिहिलेलं उद्या लागू पडेलच असं नाही. मग छापलंस कशाला? दुधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख असते. आणि फळ दिसायला म्हणे वर्षभर धीर धरा. वर्षभर धीर धरायला मी काय सफरचंद लावलंय? माझा बर्फ नाताळच्या आधी धरतो आणि ईस्टरला जातो, तळ्यावर भोक पाडून मासे धरणारी माणसं आमिष न्यायला येणार ती तेवढ्यातच, त्यात काय ते व्हायचं. तुझा धीर तुझ्याजवळ ठेव.

तरी मी म्हटलं, लिहिलंय तसं करू. वाचनालयात गेले, दुकानाचं इंटरनेटवरचं पान काढायला मार्व्हलला मशीनसमोर बसवलं. ती दोन बोटांनी टाइप करते आणि तोंडाने काही बोलत नाही, फिनिश वंशाची माणसं ती. तिसऱ्या प्रकरणात तू म्हणतोस की लोक जो शब्द शोधतात तो पानावर पुन्हापुन्हा आला पाहिजे. आम्ही आणला. 'तळ्याकाठचं आमिषाचं दुकान. आमच्या आमिषाच्या दुकानात आमिष मिळतं. आमिष हवं तर आमिषाच्या दुकानात या, दुसऱ्या आमिषाच्या दुकानात असं आमिष नाही.' असं खालपर्यंत. दुसऱ्या दिवशी पास्टरचा फोन. मला म्हणतात, दोन्ही हात वर करता येतायत का, आज वार कोणता. त्यांना वाटलं मला अर्धांगाचा झटका आला. नाही नाही म्हणेपर्यंत हॉटडिशचं झाकलेलं भांडं घेऊन दारात हजर, मागोमाग अजून तीन बायका भांडी घेऊन. आठवडाभर मी बटाटे खाल्ले. आणि मग सहाव्या प्रकरणात तू सांगतोस की शब्द फार वेळा घातला तर यंत्र चिडतं आणि पान खाली ढकलतं. हे तिसऱ्यात सांगायला काय धाड भरली होती? आधी तळ्यात ढकलायचं आणि काठावर आल्यावर पोहायला शिकवायचं, ही कुठली रीत.

पुढे तारे. तू लिहितोस की गिऱ्हाइकांना अभिप्राय द्यायला सांगा, पाच तारे मिळाले की नाव वर येतं. फिनिक्सला येत असेल. तू इथला असून कसं विसरलास? इथे कोणी कशाला चांगलं म्हणतं का? लग्नाच्या दिवशी मला सजवून आयनरसमोर आणलं, तर तो बघून म्हणाला, 'वाईट नाही.' त्या दोन शब्दांवर मी अख्खा संसार केला. तर आपली मंडळी वाचनालयात जाऊन आपापले तारे देऊन आली. हॅलवर बापजन्मापासून आमच्याकडून आमिष नेतो, त्याने लिहिलं, 'गांडुळं जिवंत होती,' आणि तीन तारे. बाकीच्यांचेही तीन. एकाने चार दिले, तर त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं की काय चाललंय. मार्व्हलने दोन दिले. मी विचारलं, तर म्हणाली की माणसाला सुधारायला जागा असावी. तिकडे वेंडेलला सगळे पाचच, कारण त्याच्याकडे येतात ती शहरातली माणसं. त्यांना चमचा स्वच्छ दिसला तरी भरून येतं. यंत्राने आम्हाला वेंडेलच्या खाली टाकलं, सोळा मैलांवरच्या पेट्रोल पंपाच्याही खाली. त्या पंपावर एक बरणी गांडुळं असतात, तीही मेलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मग मी पुस्तक टाकीखाली सारलं आणि स्वतःच्या डोक्याने चालायचं ठरवलं. माझ्या दुकानात जो येतो तो नमस्कार करायच्या आधी एकच विचारतो, बर्फ किती आहे. म्हटलं, हेच लिहू. रोज सकाळी गिरमिट घेऊन तळ्यावर जायचं, चार ठिकाणी भोक पाडायचं, आणि बर्फ जितका जाड दिसेल तितका मार्व्हलला फोनवर सांगायचा, ती पानावर चढवणार. (यात तुझ्या पुस्तकाचा काही संबंध नाही. नववं प्रकरण मी वाचलंय, त्यात असंच काहीसं आहे, म्हणून काय झालं.) मी खरं ते सांगायचे. 'पलीकडच्या अंगाला दोन बोटं. घरी बसा.' 'कालपेक्षा पातळ. घरी बसा.' 'ज्याला विम्याची हौस आहे त्याने यावं, बाकीच्यांनी घरी बसा.' आणि कर्टिस, आठ-दहा दिवसांत आमचं पान सगळ्यांच्या वर. तळ्याचं नाव घातलं की पहिली मी. शेजारच्या जिल्ह्यातली माणसं सकाळी उठून आधी मला वाचायची, मग तोंड धुवायची.

आणि वाचून घरी बसायची. मी सांगितलं होतं ना, घरी बसा. ऐन हंगामात दुकानात चिटपाखरू नाही. टाकीतले मासे माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. पहिला नंबर घेऊन काय त्याचं लोणचं घालू? यंदा थंडी उशिरा, त्यात नाताळात पाऊस पडला. तिकडे वेंडेलच्या पानावर रोज एकच, 'बर्फ झकास, गाडी घेऊन या.' त्याच्या अंगणात गाड्या मावत नव्हत्या. मार्व्हल आपणहून कधी बोलत नाही, ती मला म्हणाली, आर्डिस, 'घरी बसा' एवढं तरी काढूया, नुसता आकडा राहू दे. मी म्हटलं, आकड्याने कोणी थांबत नाही. त्या संध्याकाळी मी दुकानाची किल्ली खिळ्यावरून काढली आणि पुसून ठेवली. वेंडेलला द्यायची तर मळकी कशाला द्या.

मग नाताळ झाल्यावर त्याच्या दोन पाहुण्यांनी भला थोरला नवा पिकअप तळ्यावर नेला. बर्फ फुटला, ते दोघं वेळेत उड्या मारून निघाले, पिकअप नाही निघाला. सगळ्यात जवळ माझं दुकान, तेव्हा आले ते माझ्याकडे, दात वाजवत. मी त्यांना शेगडीपाशी बसवलं, आयनरच्या लोकरीच्या विजारी दिल्या, कॉफी दिली. त्यांतला एक सारखा म्हणत होता की वेंडेलच्या पानावर तर बर्फ झकास लिहिलं होतं. मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. मग वेंडेल आला. टोपी हातात, तोंड तळ्याच्या रंगाचं. उंबऱ्यातच उभा राहिला. तिथूनच म्हणाला, 'आर्डिस, बर्फ किती आहे?'

मी म्हटलं, 'पानावर लिहिलंय.'

तर असं. तू विचारलंस म्हणून सांगितलं. एकूण तुझं पुस्तक म्हणजे बोलाचीच कढी. एकदा म्हणतोस माणसांसाठी लिहा, यंत्रासाठी नको, आणि मग जाड पुस्तकभर यंत्राच्या सवयी सांगतोस. तुझ्या आजोबांना मासे कुठे आहेत ते कळायचं, पण त्यांनी त्यावर पुस्तक नाही लिहिलं, मासे आणले. राग मानू नकोस. आईला विचारलं म्हणून सांग, मुलांना लांब चड्ड्या घाल.

तुझी,
आर्डिस मावशी

ता.क. दुकानाचं सांगायचं राहिलं. जानेवारीत कडक थंडी पडली. एका सकाळी चारही भोकं बघितली आणि मार्व्हलला सांगितलं, लिही, 'बर्फ ठीक आहे. या.' एवढंच. दुसऱ्या दिवशी दिवस उजाडायच्या आत दारापासून पार चर्चपर्यंत गाड्या. इतके दिवस ज्यांना घरी बसवलं होतं ते सगळे, आणि वेंडेलचे पाहुणेही, तेही आता त्याच्या जेवणघरात बसून माझं पान वाचतात. दुपारपर्यंत टाकीत मासा उरला नाही. आत येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तू या म्हणालीस म्हणून आलो. किल्ली परत खिळ्यावर टांगलीय. पुसलेली असल्यामुळे जरा चमकते, सवय होईल.

ता.क. दुसरं. पुस्तकाची आणखी एक प्रत लगेच पाठव. पहिली वेंडेल घेऊन गेला. गेल्या आठवड्यात येऊन विचारत होता, एवढी वर कशी आलीस, तेव्हा शेजारधर्म म्हणून टाकीखालचं काढून दिलं. फक्त त्याआधी नववं प्रकरण फाडून माझ्या एप्रनच्या खिशात ठेवलं. सध्या तो तिसऱ्यावर असावा, कारण काल पास्टर भांडं घेऊन त्याच्याकडे गेले. पण टाकी पुन्हा कललीय. आणि नव्या प्रतीत नवव्यासारखं आणखी काही घातलं असशील तर तिथे कागद खोचून पाठव. मार्चमध्ये बर्फ फसवा होतो, तेव्हा लोकांना परत घरी बसवायचंय आणि दुकानही चालवायचंय. ते कसं करायचं हे तुझ्या पुस्तकात मला कुठे सापडलं नाही. फोन केलास तरी चालेल. आलास तर आणखी बरं, वरची खोली झाडून ठेवलीय.

ता.क. शेवटचं. पाच तारे मागितले होतेस. काल वाचनालयात जाऊन मी स्वतः मशीनसमोर बसले आणि तीन दिले. खाली लिहिलं, 'वाईट नाही.' मार्व्हलने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बहिणीचा मुलगा म्हणून एवढे देतेयस?'

मी म्हटलं, 'नाही.'