घाटाला गाडी ओढंना

कसबा बावडा,
ता. १६ नोव्हेंबर १९९७

चि. पिराजी यास,

आकारामचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तू निपाणीत बरा असशील असं धरून चालतो.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. गाडीत शेजारी बसणाऱ्या मेहुण्याला कोण पत्र लिहितं? त्यात माझं अक्षर म्हणजे घाटातला रस्ता. सांभाळून घे.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला. उसाच्या गाड्यांची रांग आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आक्कानं खरवस करून शेजारीपाजारी वाटला, पण स्वतः तोंडात घातला नाही. तुला आवडतो म्हणून असेल. मी विचारलं नाही.

गाडी आता चांगली चाललीय. भरली गाडी आंबा घाट न कुरकुरता चढते. वास्तविक हे वाक्य मी आनंदानं लिहायला हवं. पण तेवढं लिहून पेन खाली ठेवलं आणि दोनदा चहा घेऊन आलो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर गाडी घाटात दम टाकायला लागली, तिथून सुरू करतो. सपाटीला पळायची, रिकामी असली की कुठंच अडायची नाही. कोकणातून चिरे भरून परतीला घाट चढायला लागली की मात्र थर्डवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट, मागं काळा धूर आणि त्या धुरामागं लोकांचे हॉर्न. अशा दोन खेपा तू मारल्यास. दुसरीवरून आल्यावर म्हणालास, "दाजी, एक दिस गाडी हुबी करूया. उघडून बघतो. तिला वारं मिळंना झालंय."

मी म्हणालो, "रत्नागिरीचं भाडं लागलंय. वारं खायाला तिला कोकणातच जायाचं हाय की."

स्वतःच्या विनोदावर मी हसलोही होतो. आणि त्याच संध्याकाळी मला सीटखाली रॉकेलचा कॅन सापडला.

ट्रकवाल्याला रॉकेल दिसलं की त्याच्या डोक्यात एकच येतं. ड्रायव्हर डिझेल बाहेर विकतोय आणि टाकीत रॉकेल ओततोय. तरुणपणी दुसऱ्यांच्या गाड्यांवर मी काय काय केलं ते मला ठाऊक होतं. स्वतःवरून जग ओळखावं म्हणतात, तसं मी तुला ओळखलं. अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत, तो कॅन तुझ्यापुढं आपटला. तू म्हणालास, "जाळी धुवायला आणलंय, दाजी." कसली जाळी, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आक्कानं देव्हाऱ्यातली गुलालाची वाटी आणून तुझ्यापुढं धरली. "उचल पिराजी. तू उचलल्यावर कोण तोंड उघडतंय ते मी बघते." तू चिमूट नाही, मूठ भरून घेतलीस. "जोतिबाच्यान सांगतो, थेंबभर डिझेल इकलं न्हाय." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चोराला देवाचं नाव घ्यायला काय लागतंय?"

तू त्याच हातानं गाडीची किल्ली ओट्यावर ठेवलीस आणि गेलास. किल्लीचा गोफ अजून गुलाबी आहे. मी तो बदललेला नाही.

तू गेल्यावर मी गाडी मिस्त्रीकडं नेली. त्याला सांगितलं, रॉकेलनं पंप खाल्लाय, पंप उघड. रोग मीच सांगितल्यावर त्यानं औषध त्याचंच दिलं. पंप झाला, नोझल झाली, गाडी जशीच्या तशी. पुढं नागपंचमीच्या आसपास, भरली गाडी घेऊन मी एकटाच आंबा घाटात अडकलो. चाकामागं दगड लावला, बॉनेट उघडलं आणि हाताला येईल ते रागारागानं खोलत सुटलो. एअर क्लीनरची खालची वाटी काढली. तिथं काळं ऑइल असायला हवं होतं. होता गुलाबी चिखल. वरची जाळी तर लिंपलेल्या भिंतीसारखी बंद झाली होती. इंजिनाला हवा जायला जागाच नव्हती.

पिराजी, तो गुलाल होता.

मग मला यात्रेचा दिवस आठवला. डोंगर चढून वर पोचलो तेव्हा पाणी उकळत होतं, तू बॉनेट उघडलं होतंस, इंजिन चालूच होतं. सासनकाठी नाचत होती, सगळे चांगभलं करत होते, आणि माझ्या अंगात आलं. मी आख्खी परडी इंजिनावर रिकामी केली. म्हटलं, हिला बी देवाचा गुलाल लागू दे. तू ओरडत होतास, "दाजी, आधी बंद तर करू द्या." मी आणखी एक परडी मागून घेतली.

दर वर्षी यात्रेवरून आलं की दुसऱ्या दिवशी तू काहीतरी खोलून रॉकेलनं धूत बसायचास. मी कधी बघितलं नाही काय धुतोस ते. यंदा यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी मी तुला भाड्यावर धाडलं आणि मागून मागितलास तो एक दिवसही दिला नाही.

तो कॅन मिस्त्रीला दाखवायला म्हणून मीच परत सीटखाली टाकला होता. त्याच रॉकेलनं तिथंच जाळी धुतली, नवं ऑइल घातलं. गाडी अशी चढली, जशी कधी अडलीच नव्हती. वर पोचून मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. मला लाज वाटली. पण खरं सांगू, लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. शेजाऱ्यांना काय सांगू आणि आक्काला काय सांगू, हीच भीती.

इथवर वाचून तू म्हणशील, जाऊ दे, माणूस आहे, चुकला. एवढंच असतं तर मी नागपंचमीलाच निपाणीची एस.टी. धरली असती. पुढचं वाच.

घरी आलो तर आक्का दारातच. "चढली?"

"चढली."

"काय निघालं?"

माझ्या बोटांच्या नखांत तो गुलाल होता. मी हात पाठीमागं घेतले आणि म्हणालो, "टाकीच्या तळाला रॉकेल निघालं. पिराजीनंच घातलं हुतं."

तोवर तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे तुला ठाऊक नसेल. तू गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. त्या दिवशी मात्र तिनं मान खाली घातली. "गुलाल उचलून खोटं बोलला व्हय," एवढंच म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी तापवायला गेली. घरात पुन्हा नीट जेवण व्हायला लागलं. मी ते जेवलो.

म्हणून तर भाऊबीजेला तसं झालं. तू एवढ्या लांबून पिशवी घेऊन आलास आणि तिनं तुला उंबऱ्यातूनच माघारी फिरवलं. "देवाची खोटी शपथ घेणाऱ्याला माझ्या घरात पाट न्हाय." तिचे ते शब्द तुला किती लागले असतील. पण ते तिचे नव्हते, माझे होते. मी आत खाटेवर बसलो होतो. तू तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलंस. मला फक्त उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

तू गेल्यावर संध्याकाळी ती ताट घेऊन अंगणात आली. बीजेची कोर कारखान्याच्या धुराड्याशेजारी होती. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं. तू जिवंत असताना. मग ताट तसंच ओट्यावर ठेवून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडली. मी खिडकीतून बघत होतो. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही, आणि तो लागू नये हेच बरोबर आहे.

गाडीवर परत ये असं म्हणायला मला तोंड नाही. मला माफ कर असं तर नाहीच म्हणत. शेजाऱ्यांना मी सांगेन. अंगणात उभा राहूनच सांगेन, कारण आळही तिथंच घेतला होता. तुझा कॅन धुऊन ठेवलाय.

आक्काला मात्र समोर बसून सांगायचं धाडस मला अजून झालं नाही. रोज ठरवतो आणि रोज गाडीखाली जाऊन काहीतरी आवळत बसतो. म्हणून हे पत्र मी पाकिटात घालून, पाकीट न चिकटवता तिच्या हातात देतोय. म्हणणार आहे, पिराजीला लिहिलंय, आधी तू वाच आणि पत्ता तूच घाल. ती सातवीपर्यंत शिकलीय, माझं अक्षर तिला लागतं.

तेव्हा हे तुझ्यापर्यंत पोचलं आणि पाकिटावर तिचं अक्षर असलं, तर तिला सगळं कळलंय असं समज. त्यानंतर ती मला या घरात कुठं बसवते ते बसवो. पण तू लगेच ये, भाऊबीज होऊन गेली म्हणून थांबू नकोस. पाट ती मांडेल.

तुझा दाजी, अजून म्हणवून घेत असलास तर,
आकाराम